किचनच्या कामात इंडक्शनचा पॉइंट सरकवला आणि एमसीबी पडायला लागली: काय तपासायचं, कुठे थांबायचं

किचनचं काम होतं, ओटा फिरवला जातो, शेगडी खिडकीखालून आतल्या भिंतीला येते. वास्तुशांतीसारखी पूजा होते, पाहुणे कौतुक करून जातात. आणि मग दोन-तीन महिन्यांनी मला फोन येतो: "अहो, इंडक्शन मधेच बंद पडतंय."

पुण्यात घरगुती वायरिंगची कामं करत मला बावीस वर्षं झाली. हा एकच बिघाड इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता फोनवरच तीन प्रश्न विचारतो. काम कधी झालं? पॉइंट आधी कुठे होता? नव्या पॉइंटची वायर डीबीपासून (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच, म्हणजे एमसीबी, जिथे असतात त्या पेटीपासून) नवी ओढली, की जुन्या बोर्डावरून पुढे नेली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तारखेसकट मिळतात. तिसऱ्याला समोर शांतता असते, आणि मग, "ते काही आम्ही विचारलं नाही हो."

बिघाड बहुतेक वेळा त्या शांततेतच असतो. जुना पॉइंट होता तिथून नवीन पॉइंट चार-सहा फुटांवर असतो. तेवढ्यासाठी डीबीपासून नवी वायर ओढायची म्हणजे हॉलची भिंत, पैसे आणि एक दिवस. त्यापेक्षा जुन्या वायरला तुकडा जोडायचा, वरून टेप गुंडाळायची, बॉक्स प्लास्टरने बंद करायचा, टाइल लावून मोकळं. मिक्सरला हा जोड वर्षानुवर्षं चालतो, कारण मिक्सर दोन मिनिटं फिरतो. इंडक्शन तासभर सलग जोर ओढतं. जोड कच्चा असेल तर तो तिथे उघडा पडतो.

लक्षणं कोणती, आणि ती काय सांगतात

आधी आपल्या घरात नक्की काय होतंय ते नीट बघा. "बंद पडतं" या शब्दात बरेच वेगवेगळे आजार असतात.

शेगडी सुरुवातीला व्यवस्थित चालते आणि पंधरा-वीस मिनिटांनी, साधारण भाजी संपून पोळ्या सुरू झाल्या की, एमसीबी पडते. लगेच वर केली तर टिकत नाही, दहा मिनिटं थांबून केली तर टिकते. हा उष्णतेचा आजार. एक तर त्या लाइनवर भार जास्त आहे, नाहीतर कुठेतरी ढिला जोड तापतोय. कधीकधी खुद्द एमसीबीचा स्क्रू ढिला असतो आणि तीच तापून पडते.

बटण दाबल्या दाबल्या खटकन पडते, एक सेकंदही थांबत नाही. हा शॉर्टचा आजार. पुन्हा पुन्हा वर करून बघू नका.

एमसीबी जागेवर असते, पण डीबीतली 'टेस्ट' असं बटण असलेली रुंद आरसीसीबी पडते आणि घरभर अंधार होतो. म्हणजे करंट कुठेतरी गळतोय: ओल, खिळा-स्क्रू, किंवा न्यूट्रलची अदलाबदल.

काहीच पडत नाही, पण प्लग हाताला चटका देतो, सॉकेटचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय, पिनांवर काळा थर आहे. माझ्या मते हे सगळ्यांत फसवं लक्षण, कारण शेगडी चालू असते आणि घरचे म्हणतात, "होतं थोडं गरम."

वास. तापलेल्या स्विच-सॉकेटच्या प्लास्टिकला बऱ्याचदा चक्क मासळीसारखा वास येतो. सदाशिव पेठेतल्या एका शाकाहारी घरात आठवडाभर शेजाऱ्यांना नावं ठेवली जात होती की हे रोज सुकट भाजतात. सुकट त्यांच्याच मिक्सरमागच्या बोर्डात भाजली जात होती. घरात मासे आणलेले नसताना ओट्यापाशी बोंबलाचा वास आला तर नाक शेजारी नेऊ नका, सॉकेटजवळ न्या.

शेगडी पूर्ण जोरावर गेली की ट्यूब किंवा एलईडी मंदावते, शेगडी थांबली की पूर्ववत. बरीच इंडक्शन्स मंद आचेवर स्वतःच चालू-बंद होत राहतात, त्यामुळे दिव्याचा उजेडही त्याच ठेक्यात खालीवर होतो. काही शेगड्या पडद्यावर कमी व्होल्टेजचा कोड दाखवून थांबतात.

ओट्यात बसवलेल्या मोठ्या हॉबच्या चारपैकी दोनच चुली चालतात, हे वेगळंच प्रकरण. त्याबद्दल खाली.

ही तीन असतील तर पुढचं वाचूच नका

भांड्याला, नळाला किंवा ओल्या ओट्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. बोर्डातून धूर, ठिणगी किंवा चरचर आवाज येतो. किंवा घरातले काही दिवे मंद आणि काही नेहमीपेक्षा लख्ख झालेत. पहिल्या दोन्हींत मेन स्विच खाली करा आणि वायरमनला बोलवा. तिसऱ्यात न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. २३० व्होल्टच्या उपकरणांवर तीनशेच्या वर व्होल्टेज जाऊ शकतं आणि फ्रिज, टीव्ही एका झटक्यात जातात. मेन बंद करा, शेजाऱ्यांकडेही तसंच होतंय का विचारा. होत असेल तर दोष इमारतीच्या लाइनचा आहे. महावितरणचे ग्राहक असाल तर १९१२ वर तक्रार करा. एकट्या तुमच्याच घरात असेल तर वायरमन.

आणि गॅसचा वास येत असताना कुठलंच बटण दाबायचं नाही, बंद करण्यासाठीसुद्धा नाही. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या.

पहिली तपासणी: शेगडी दुसऱ्या पॉइंटवर लावून बघा (खर्च शून्य)

वॉशिंग मशीनचा किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट घरात असतोच. शेगडी उचलून तिथे न्या, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवा आणि अर्धा तास पूर्ण जोरावर चालवा. एक्स्टेन्शन बोर्ड मधे घालायचा नाही. तो घातलात तर तपासणी शेगडीची नाही, एक्स्टेन्शनची होईल.

तिथे अर्धा तास बिनतक्रार चालली तर शेगडी निर्दोष, दोष किचनच्या पॉइंटकडे. तिथेही बंद पडली तर मात्र वायरिंगच्या मागे लागू नका. शेगडीच्या खालच्या पंख्याची जाळी तेलकट धुळीने बुजलीय का ते बघा; नव्या ओट्यावर लोक खाली प्लास्टिकचा मऊ मॅट घालतात आणि हवा कोंडते. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतं का बघा. तेवढं करूनही नाही झालं तर सर्व्हिस सेंटर.

ही तपासणी सगळ्यांत आधी का, तर हिच्याअभावी लोक शेगड्या बदलतात. एका घरात वर्षभरात तिसरी आली होती.

दुसरी: प्लग, पिना आणि तो छोटा कन्व्हर्टर

स्विच बंद करा, प्लग बाहेर काढा, उजेडात धरा. पिना चकचकीत हव्यात. काळ्या, निळसर किंवा खडबडीत झाल्या असतील, किंवा पिनेच्या मुळाशी प्लास्टिक फुगलं असेल, तर तिथे संपर्क कच्चा होता. घातल्यावर प्लग सॉकेटमध्ये हलतो का? काढताना जोर लागला पाहिजे. लोण्यात सुरी फिरावी तसा निघत असेल तर आतल्या पत्र्यांची पकड गेली.

याचा हिशोब साधा आहे. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढते. प्लगच्या एका पिनेपाशी फक्त ०.१ ओहम इतका जास्तीचा अडथळा झाला, तरी तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते. ०.३ ओहम झाला तर बावीस-तेवीस वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या सॉकेटच्या पोटात कुणीतरी सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखं. तापलं की पत्रा आणखी ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो.

आता कन्व्हर्टर. नव्या किचनमध्ये ओट्यावर सहा अँपिअरचे चार पॉइंट देखणे दिसतात म्हणून दिलेले असतात आणि जाड पिनेचा एकच, तोही फ्रिजमागे. मग बाजारातून जाड पिनेचा बारीक करणारा तुकडा येतो. सहा अँपिअर म्हणजे १३८० वॅट. त्यावर २००० वॅट ओढायचे नाहीत, एक दिवसही नाही. घरात तसा तुकडा असेल तर आजच काढा. पुष्कळ वेळा आजार तिथेच संपतो.

तिसरी: हात लावून बघा

शेगडी पंधरा मिनिटं पूर्ण जोरावर चालवा. मग शेगडी बंद, भिंतीवरचा स्विच बंद, हात कोरडे, आणि हाताची मागची बाजू प्लगला आणि नंतर भिंतीवरच्या स्विच-सॉकेटच्या प्लेटला लावा. कोमट असेल तर चालेल. पाच आकडे मोजेपर्यंत हात ठेवता येत नसेल तर चालणार नाही.

प्लेटवर फिरवून बघा: सॉकेटची बाजू तापलीय की स्विचची? सॉकेट तापलं असेल तर पकड गेली, सॉकेट बदलायचं. स्विच तापला असेल तर तो १६ ऐवजी ६ अँपिअरचा बसवलाय किंवा मागचा स्क्रू ढिला आहे. दोन्ही गार आणि प्लेटशेजारची टाइल मात्र कोमट, असं झालं तर शेगडी वापरणं तिथेच थांबवा. भिंतीच्या आत जोड तापतोय.

चौथी: एक एमसीबी खाली करा आणि घरभर फिरा

मला विचाराल तर ही तपासणी सगळ्यांत मोलाची, आणि कुणीच करत नाही. डीबीतली शेगडीची एमसीबी खाली करा. मग एक टेबललॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर घेऊन किचनमधला प्रत्येक पॉइंट बघा. फ्रिज, मिक्सर, पाण्याचं फिल्टर, चिमणी, मायक्रोवेव्ह, बाल्कनीतला दिवा. काय काय बंद झालं ते कागदावर लिहा आणि प्रत्येकाचे वॅट शेजारी मांडा.

शेगडी एकटीच बंद झाली तर तुमच्या वायरमनने काम चोख केलंय. फ्रिज आणि मिक्सरही गेले तर नवा पॉइंट त्यांच्याच बोर्डावरून फोडलाय. शेगडी बंद आणि बाहेरच्या पॅसेजचा दिवाही बंद झाला, तर ती दिव्याची लाइन आहे. दिव्यांना घरोघरी १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची वायर असते.

बेरीज अशी करायची. शेगडी ८.७ अँपिअर, १५०० वॅटची किटली ६.५. झाले पंधराच्या वर. एमसीबी १० ची असेल तर हे दीडपट झालं. एमसीबीचं मानक असं आहे की १.१३ पट भारावर ती तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीवर तासाच्या आत पडायलाच हवी. मधल्या पट्ट्यात ती कधी पडेल ते हवा किती गरम आहे, शेजारची एमसीबी किती तापलीय यावर ठरतं. म्हणून मे महिन्यात पडते आणि थंडीत पडत नाही, म्हणून "कधी पडते, कधी नाही" हे गूढ वाटतं. त्यात गूढ काही नाही.

एवढ्यावर निदान झालं तर तात्पुरता उपाय फुकट आहे: किटली आणि शेगडी एका वेळी लावायची नाही. कायमचा उपाय म्हणजे वेगळी लाइन.

पाचवी: एमसीबीवर काय छापलंय ते वाचा. फक्त वाचा.

एमसीबीच्या तोंडावर एक अक्षर आणि एक आकडा असतो. आकडा म्हणजे अँपिअर. अक्षर बी असेल तर ती रेटिंगच्या तीन ते पाच पट झटक्यावर तत्काळ पडते, सी असेल तर पाच ते दहा पट.

किचनच्या कामानंतर डीबीत एखादी एमसीबी नवीकोरी आणि बाकीच्या पिवळट दिसत असतील तर कान टवकारा. "सारखी पडत होती म्हणून ३२ ची टाकून दिली" हे वाक्य मी वर्षातून दहादा तरी ऐकतो. एमसीबी शेगडीची राखण करत नाही, भिंतीतल्या वायरची करते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला १६, फार तर २० अँपिअरची एमसीबी. तिच्यावर ३२ बसवली की एमसीबी पडायची थांबते आणि जळायची पाळी वायरवर येते. दारावरचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधण्यातला प्रकार. असं झालेलं दिसलं तर शेगडी बंद ठेवा आणि वायरची जाडी तपासून घ्या.

सहावी: भिंतीला काय काय लागलं, आणि पाणी कुठे जातं

ही मुख्यतः आरसीसीबी पडणाऱ्यांसाठी. पडणं नक्की कुठल्या दिवसापासून सुरू झालं? त्याच्या आदल्या दिवशी घरात कोण येऊन गेलं? चिमणीवाला, शेल्फवाला, मसाल्याच्या रॅकवाला. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत नवा स्क्रू दिसला तर पाइपात घुसल्याची दाट शक्यता. भिंतीत पाइप बहुधा याच रेषांत जातात. जुना पॉइंट बंद करून त्यावर टाइल मारली असेल तर त्या जागी जिवंत वायरची टोकं अजून असू शकतात, आणि ती जागा आता कुणालाच आठवत नाही. तो स्क्रू स्वतः काढू नका. काढताना तुमचा हात आणि पेचकस दोन्ही त्याच्याशी जोडलेले असतात.

ओटा धुतला की पडते? सकाळी पडते, दुपारी टिकते? मग ओल. सिंक सरकवलं असेल तर त्याच्या खालच्या कपाटातला बोर्ड बघा, दार उघडून फक्त नजरेने. काम नुकतंच झालं असेल तर प्लास्टरची ओल पाइपात उतरलेली असते, ती काही दिवसांत वाळते. तीन-चार आठवड्यांनंतरही पडत असेल तर ओलीचं कारण पुढे करणाऱ्याचं ऐकू नका.

आरसीसीबी पडते म्हणून तिला बाजूला काढून थेट जोडून देणारे भेटतात. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी माणूस वाचवण्यासाठी असते. जो ती काढायला सुचवेल त्याला चहासुद्धा विचारू नका.

इथे थांबायचं

तुमचं काम इथे संपलं. प्लेटचे स्क्रू काढायचे नाहीत. "मी एमसीबी बंद करून बघतो की" असं म्हणणाऱ्यांसाठी कारण सांगतो. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यात पॉइंट सरकवताना फेज-न्यूट्रल उलटे झाले असतील तर स्विच बंद असूनही सॉकेट जिवंत असतं. आणि दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतील तर तुम्ही बंद केलेल्या लाइनच्या न्यूट्रलवर दुसऱ्या लाइनचा करंट येतो. हे बाहेरून दिसत नाही. मला स्वतःला झटका बसला तो असाच, "बंद" लाइनवर.

बोलावताना परवाना असलेला माणूस बोलवा. वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेणं हा नुसता सल्ला नाही, नियम आहे. मॉड्यूलर किचनवाल्याचा फिटर ट्रॉली उत्तम बसवतो; पॉइंट सरकवणं हे त्याचं काम नव्हे.

तो आल्यावर काय करेल ते माहीत असलेलं बरं. आधी भार लावून डीबीपाशी आणि सॉकेटपाशी व्होल्टेज मोजेल. डीबीपासून १२ मीटरवर अडीचची अखंड वायर असेल तर २००० वॅटवर जेमतेम पावणेदोन व्होल्ट गळतात. एक चौरस मिलिमीटरची असेल तर चारेक व्होल्ट, आणि पस्तीस वॅट उष्णता भिंतीतच. आठ-दहा व्होल्ट गळत असतील तर वाटेत जोड आहे, पैज लावा. मग सप्लाय बंद करून प्लेट उघडेल, प्रत्येक वायर हलकेच ओढून बघेल, अर्थिंग खरंच जोडलंय की हिरवी वायर नुसती लोंबतेय ते पाहील. आरसीसीबीची तक्रार असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजेल. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर ती वायर बाद. मेगर लावण्याआधी शेगडीसकट सगळे प्लग काढलेले हवेत, नाहीतर त्यांचे सर्किट जातात. नुसता टेस्टर लावून "लाइट लागतोय, सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्याला निरोप द्या. टेस्टरचा दिवा कच्च्या जोडावरही तितकाच लागतो.

एक घर

तीन शेगड्या बदललेलं ते घर सिंहगड रोडला, तिसरा मजला. काकू म्हणाल्या, "वरण-भात होतो, भाजी होते, पोळ्यांना बसलं की जातं. काकांना वाटतं मी मुद्दाम बाहेरून पोळ्या मागवते." दुसऱ्या पॉइंटवर शेगडी छान चालली. प्लग गार. सॉकेट गार. ओट्यावर मात्र तेलाची बरणी ठेवलेली, तिच्यामागची टाइल हाताला कोमट लागली. डीबीपाशी २२९, सॉकेटपाशी २१७. बारा व्होल्ट वाटेत.

टाइल काढायला काकांचं मन होईना, मोरपंखी रंगाची होती आणि तसा माल आता मिळत नव्हता. शेवटी खालच्या ट्रॉलीचा मागचा प्लाय काढला आणि तिथून हात घातला. लोखंडी बॉक्स, वर सिमेंटचा पातळ थर. आत अडीचच्या जुन्या वायरला एक चौरस मिलिमीटरची पिवळी वायर दोन पीळ देऊन गुंडाळलेली. टेपचा डिंक वितळून काळ्या काकवीसारखा खाली उतरलेला, त्यात एक झुरळ चिकटलेलं. पीळ दिलेलं तांबं लाल राहिलं नव्हतं, विटकरी-काळं झालं होतं आणि बोटात धरल्यावर काडीसारखं मोडलं. इन्सुलेशन वीतभर लांबीपर्यंत कडक.

काका बराच वेळ त्या मोडलेल्या तुकड्याकडे बघत राहिले. मग काकूंना म्हणाले, "तुझ्या पोळ्या यात होत्या."

जुन्या इमारतीत याच जागी ॲल्युमिनियमची वायर सापडते आणि तिला तांब्याचा तुकडा गुंडाळलेला असतो. ते आणखी वाईट. दोन्ही धातू वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोड स्वतःहून ढिला होतो. तिथे डागडुजी करत बसू नका.

उपाय काय करून घ्यायचा

सॉकेट किंवा प्लगचाच दोष असेल तर चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्विच, बस. भिंतीत जोड निघाला तर तो जोड "नीट करून" घेऊ नका. डीबीपासून पॉइंटपर्यंत फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही वायर अखंड, नव्या. जुना पाइप मोकळा असेल तर स्प्रिंग टाकून त्यातूनच ओढता येतात, फोडाफोड लागत नाही. पाइप भरलेला असेल तर मी सरळ कपाटांच्या मागून किंवा छताच्या कडेने उघडी पट्टी न्यायला सांगतो. दिसायला बरी नाही, पण हात पोचतो. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे कोडच असा आहे की जोड बॉक्समध्येच हवा आणि भिंत न फोडता त्या बॉक्सपर्यंत पोचता आलं पाहिजे. इथेही जोड टाळताच येत नसेल तर एवढी अट घालाच.

टेबलावरच्या एका इंडक्शनला अडीच चौरस मिलिमीटर आणि १६ ची एमसीबी पुरते. मी चारची वायर घालतो, कारण पुढे कुणीतरी दुहेरी शेगडी आणतंच आणि ती साडेतीन हजार वॅटला १५ च्या वर अँपिअर ओढते. पॉइंट शेगडीच्या बरोबर मागे नको, वाफ आणि फोडणीचे शिंतोडे थेट त्यात जातात. बाजूला, आणि भांड्यावरून हात न नेता स्विच बंद करता येईल असा.

ओट्यात बसवायचा चार चुलींचा हॉब ७ किलोवॅटच्या पुढे जातो, म्हणजे ३०-३२ अँपिअर. त्याला प्लग नसतोच. वेगळी लाइन, ६ चौरस मिलिमीटर वायर (लांब अंतर किंवा गर्दीचा पाइप असेल तर १०), ३२ ची एमसीबी आणि हाताशी डबल पोल स्विच. त्याआधी वीजबिलावर 'मंजूर भार' किती लिहिलाय ते बघा; कमी असेल तर आधी वाढवून घ्या. दोनच चुली चालण्याचं प्रकरण यातलंच: बऱ्याच हॉबच्या मागच्या टर्मिनलवर सिंगल फेज किंवा दोन फेजसाठी पितळी पट्ट्या वेगवेगळ्या जागी बसवायच्या असतात. पट्टी राहिली की अर्धा हॉब मुका. चुकीची बसली आणि दोन फेज आले तर त्याच जागी ४०० व्होल्ट. हॉबखालची ट्रॉली अगदी चिकटून असेल तर हवा कोंडून तो तापतो आणि स्वतःच बंद होतो, तेव्हा पुस्तिकेत सांगितलेली फट सोडलीय का तेही बघा.

काम सुरू असेल आणि टाइल अजून लागायची असेल तर भिंतीतली पाइपाची झिरी उघडी असतानाच मोजपट्टी भिंतीला धरून फोटो काढा, प्रत्येक भिंतीचा एक. आणि ट्रॉलीमागचा प्लाय ठोकायच्या आधी शेगडी नव्या पॉइंटवर तासभर पूर्ण जोरावर चालवा, दर पंधरा मिनिटांनी शेगडी आणि स्विच बंद करून प्लेटला आणि टाइलला हात लावून बघा. सुतार घड्याळाकडे बघत कुरकुरेल. त्याला त्याच शेगडीवर चहा करून द्या.